इतर आवाज: काही नाही

बेरिंगल क्रीक
११ मे १९९९

प्रिय गॅव्हिन,

मी मर्ल हॅडो. तुझ्या आईची शाळेतली मैत्रीण. अकरा वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात बसून तू एका दमात सहा स्कोन संपवलेस आणि सातवा खिशात घालून निघालास, ती मी. पत्ता तुझ्या आईनेच, ऊनाने, दिला. ती म्हणाली, फोनच कर. पण फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि चेहरा दिसला नाही की मी भांडते, हे तिलाही ठाऊक आहे.

परवा टपाल कार्यालयाच्या भिंतीवर खाणीची नोटीस लागली. त्यांना दुसरा खड्डा खणायचाय, आमच्या बाजूला. आत्ता खाण माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर आहे, मग ती दीडवर येईल. नोटिशीखाली आवाजाचा अहवाल करणाऱ्यांत तुझं नाव वाचलं. म्हटलं, पोरगा शिकला, मोठा झाला, आता याला विचारायला हरकत नाही.

माझी अडचण सांगते. मी अजून पाचला उठते. माझा नवरा व्हर्न जाऊन चार वर्षं झाली, गाई विकून तीन, पण पाचला डोळा उघडतोच. ती वेळ माझी असायची. आता त्या वेळी डंपर घुरघुरतात आणि लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी खडखड येते, ती थेट माझ्या उशीत. मी तक्रार केली. त्यांचा माणूस आला दुपारी दोनला, भर वाऱ्यात. मोजून म्हणाला, छत्तीस डेसिबल. मर्यादा त्रेचाळीस आहे, बाई, तुमचं सगळं मर्यादेत आहे. मी म्हटलं, पहाटे या. तो म्हणाला, पहाटे त्याची ड्यूटी नसते.

नव्या खड्ड्यालाही हीच मर्यादा मिळणार म्हणतात. मग मला जावं लागेल, गॅव्हिन, आणि मला जायचं नाही. सेहेचाळीस वर्षं मी याच खिडकीतून बाहेर बघत भांडी घासली आहेत.

म्हणून एकच विचारते. हा त्रेचाळीस आकडा आला कुठून? कोणी ठरवला? माझ्या घरी कोणी विचारायला आल्याचं मला आठवत नाही.

मर्ल मावशी

*

न्यूकॅसल
२४ मे १९९९

प्रिय मर्ल मावशी,

सातवा स्कोन मी बसमध्ये खाल्ला, आता कबूल करायला हरकत नाही.

तुमचा प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही तसं सरळच आहे. खाण सुरू होण्याआधी घराभोवती मुळात किती आवाज होता ते मोजतात. त्याला आम्ही मूळ पातळी म्हणतो. तिच्यात पाच मिळवले की खाणीची मर्यादा. फेब्रुवारी ८८ मध्ये आमच्या कंपनीने तुमच्या अंगणात आठवडाभर मोजणी केली, ती आली अडतीस. अडतीस आणि पाच, त्रेचाळीस. म्हणजे ज्याचं अंगण मुळात जितकं शांत, त्याच्यासाठी खाणीला तितकं दबून वागावं लागतं.

मूळ पातळी म्हणजे सगळ्या आवाजांची बेरीज नव्हे, हेही सांगतो. कुत्रं भुंकतं आणि गप्प होतं, गाडी येते आणि जाते, ते त्यात धरत नाहीत. बाकी सगळं थांबल्यावर जे उरतं ते धरतात. सतत चालणारा, कधीच न थांबणारा आवाज तेवढा मोजणीत येतो.

तुम्ही एक करा. वही घ्या आणि रोज पहाटे लिहा: वेळ, आवाज कसला, हवा कशी. शेरे मारू नका, फक्त ऐकलेलं लिहा. नव्या खड्ड्याच्या परवानगीची सुनावणी सप्टेंबरात आहे, तोवर बरंच जमेल.

आणि सहज विचारतो, ८८ च्या त्या आठवड्यात शेतावर काही वेगळं चालू होतं का, ते आठवतं तुम्हाला?

तुमचा,
गॅव्हिन

*

बेरिंगल क्रीक
१३ जून १९९९

प्रिय गॅव्हिन,

"आमच्या कंपनीने मोजणी केली" असं लिहितोस. कंपनीला मी स्कोन खाऊ घातले नव्हते, तुला घातले होते. असो.

वही घेतली. पहिल्या आठवड्यात शेरेच जास्त झाले, ती पानं फाडली. आता नीट लिहिते. आणि लिहिता लिहिता एक गंमत सापडली, ती तुला सांगायची म्हणून दोन दिवस उतावीळ झाले आहे.

आवाज रोज येत नाही. काही पहाटे एवढा येतो की कपाटातल्या बश्या कुरकुरतात, आणि काही पहाटे अजिबात नाही. मला वाटायचं, खाणवाले मनात येईल तेव्हा गोंगाट करतात. म्हणून इथल्या पाळीचा मुकादम डॅरिल बस्बी याला विचारलं. त्याची आई आणि मी चर्चच्या स्वयंपाकघरात एकत्र काम करतो, त्याला माझ्यासमोर खोटं बोलता येत नाही. तो म्हणतो, मर्ल, आम्ही रोज तेच करतो, तेवढेच डंपर आणि तोच रस्ता.

मग फरक कुठला? वही उलटसुलट चाळली. माझी चूल पाचला पेटते आणि मी तेव्हा दारात उभी असते, म्हणून धुराबद्दलही लिहून ठेवलं होतं, उगीच. ज्या दिवशी धूर सरळ वर जातो किंवा वाऱ्याने मोडतो, त्या दिवशी खाण शांत. ज्या दिवशी धूर धुराड्याच्या थोडा वर जाऊन अडतो आणि चादरीसारखा आडवा पसरतो, या जूनच्या थंडीत गवतावर दंव पांढरं गोठलेलं असतं आणि पान हलत नाही, त्या दिवशी डंपर माझ्या उशीत. दहा दिवसांत एकदाही चुकलं नाही. धुराचा आणि डंपराचा काय संबंध? मला कळत नाही आणि ते न कळणं मला स्वस्थ बसू देत नाही.

दुसरं. ती खडखड डंपरांची नाही. माती ढकलणारा डोझर मागे येतो तेव्हा होते. पुढे जाताना नाही, फक्त मागे येताना. दुर्बिणीने बघितलं. आमचा टिंकर कुत्राही माझ्या बाजूला बसून बघत होता.

त्या आठवड्याचं विचारलंस. वेगळं काही नव्हतं. नेहमीसारखंच होतं सगळं.

मर्ल मावशी

*

न्यूकॅसल
२२ जून १९९९

प्रिय मर्ल मावशी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग ऑफिसात भिंतीवर लावलं. आमच्याकडे पदव्या घेतलेले पाच जण आहेत. धुराकडे बघायचं एकालाही सुचलं नव्हतं.

संबंध असा आहे. एरवी आपण वर जाऊ तशी हवा गार होत जाते. पण थंडीतल्या निवांत पहाटे उलटं होतं. जमीन रात्रभर गारठते, गार हवा दरीच्या तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येतो, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. तुमचा धूर त्या झाकणाला लागून आडवा होतो. खाणीचा आवाजही तिथून वाकून परत खाली येतो, आणि खाली तुमची उशी आहे. दुपारी झाकण उडून गेलेलं असतं, म्हणून दुपारी मोजलं की छत्तीस. डॅरिल खरंच बोलला आणि तुम्हीही खरंच बोललात.

डोझरबद्दलही तुमचं बरोबर आहे. माती ढकलून झाली की लवकर मागे यायला चालक वरचा गिअर टाकतो. त्या वेगात लोखंडी पट्टा चाकांवर आपटत राहतो. पहिल्या गिअरमध्ये मागे आणला तर आवाज खूपच उतरतो. थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. डॅरिलला सांगून बघा, ऐकला तर ऐकला.

मी इथे साहेबांना म्हटलं की मोजणी पहाटे, दंव असताना व्हायला हवी. ते म्हणाले, खाणीने आपल्याला दुपारची मोजणी सांगितली आहे, सांगितलेलं काम करावं. शिवाय पहाटे बेचाळीस जरी भरले तरी मर्यादा त्रेचाळीस आहेच. तेही खरं आहे. सगळं त्या अडतीसवर येऊन अडतं.

म्हणून परत विचारतो, राग मानू नका. जवळचा मोठा रस्ता चार किलोमीटरवर असलेल्या अंगणात अडतीस फार आहेत. फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, किडे असतील का? की काही सतत चालू होतं?

गॅव्हिन

*

बेरिंगल क्रीक
५ जुलै १९९९

गॅव्हिन,

तो आठवडा पुन्हा विचारू नकोस. व्हर्न नाही आता, त्याच्या माघारी त्याच्या शेताची उलटतपासणी मला नको.

डॅरिलने बुधवारी एक पाळी डोझर पहिल्या गिअरमध्ये मागे आणला. मला सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहिलं होतं, "धूर आडवा, दंव, खडखड नाही, का?" दुसऱ्या दिवशी त्याला वही दाखवली, तर तो टोपी मागे सारून डोकं खाजवत बसला. पण त्याला ते कायमचं करता येत नाही. वरून विचारणा झाली, अमक्या पाळीत माती कमी का हलली म्हणून. मर्यादेच्या आत असताना कोण वेळ घालवेल?

शुक्रवारी खाणीसाठी जमिनी घेणारा माणूस आला. सभ्य होता, बूट दारात काढले. त्याला चहा आणि केक दिला. तो म्हणाला, सुनावणीनंतर हाच भाव राहील असं सांगता येत नाही. मी सांगितलं, मला भाव नको, घर हवंय. आजारी माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. तो गेल्यावर मी व्हरांड्यात बसून रडले. सत्तरी ओलांडल्यावर रडताना फार दमायला होतं.

सुनावणी सोळा सप्टेंबरला.

मर्ल

*

न्यूकॅसल
९ जुलै १९९९

प्रिय मर्ल मावशी,

हे पत्र पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं.

आमच्या तळघरातून मी ८८ चे कागद काढले. मोजणीबरोबर रोज एक तक्ता भरायचा असतो. वेळ, वारा, आणि खाली एक रकाना: "इतर आवाज". सात तक्ते आहेत. सातही ठिकाणी लिहिलंय, "काही नाही". खाली माझी सही आहे. तुम्हाला हे माहीतच आहे, बॅटऱ्या बदलायला रोज मीच यायचो. पण तो रकाना तुम्हाला माहीत नाही.

पंप चालू होता, मावशी. ओढ्यावरचा तुमचा पंप. पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत, दिवसरात्र. तुमच्या टेबलाशी बसून स्कोन खाताना मला तो ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की हा मोजणीत येणार. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, शेतावर पंप असतोच, त्यात काय लिहायचं? मी वीस वर्षांचा होतो, मला ती नोकरी हवी होती, आणि मूळ पातळी जास्त आली की खाणीला बरं हे तोवर मला कळलं होतं. मी "काही नाही" लिहिलं. पुढचे चार दिवस तेच लिहिलं, आणि पहिल्या दोन दिवसांचे तक्तेही तसेच ठेवले.

तुम्हाला दोनदा विचारलं ते यासाठी, की पंपाचं तुमच्या तोंडून यावं आणि माझी सही कोणी बघू नये. तुम्ही "नेहमीसारखंच" असं लिहिलंत तेव्हा मला हायसं वाटलं. त्याची आता लाज वाटते.

काय करावं हे मला नीटसं माहीत नाही. पण सुनावणीत हे मी सांगणार आहे.

गॅव्हिन

*

बेरिंगल क्रीक
१४ जुलै १९९९

प्रिय गॅव्हिन,

बस, आणि शांतपणे वाच. तू एकटा नाहीस.

त्या आठवड्यात गाईंच्या चाऱ्याला, लसूणघासाला, पाणी नको होतं. आदल्याच आठवड्यात चांगला पाऊस झाला होता, वाफ्यात पाय रुतत होता. तरी पंप चालला, कारण तो व्हर्नने मुद्दाम चालवला.

तुला आठवत नसेल, तेव्हा जमिनीची किंमत ठरवणारी माणसं दरीत फिरत होती. बाजूचं मॅकिनर्नींचं शेत त्यांनी कागदावर "वापरात नसलेलं" म्हणून टाकलं. म्हातारा मॅकिनर्नी आत दूध काढत बसला होता आणि हे बाहेरून बघून गेले. व्हर्नला ते फार लागलं. मग तू आलास, अंगणात तिपाई रोवलीस, वर ते यंत्र. व्हर्न मला म्हणाला, "मशीन ऐकतंय ना, मग ऐकू दे. ही चालती डेअरी आहे, मेलेली नाही." आणि जाऊन पंप सुरू केला. आम्हाला वाटलं, जितका आवाज तितकं आमचं शेत जिवंत दिसेल, तितकं कोणी हात लावणार नाही. गप्प राहिलेल्याचा हक्क मोठा, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे गप्प शेत म्हणजे बुडालेलं शेत.

मेमध्ये तुझं पहिलं पत्र आलं, त्यात तू लिहिलं होतंस की सतत चालणारा आवाज तेवढा मोजणीत येतो. मी ते वाचून खुर्चीतच बसून राहिले. माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बटण दाबून खाणीला फुकटचे डेसिबल देऊन टाकले. हे मी कोणाला सांगणार? तो शेवटी शेवटी खाणीच्या आवाजाने झोपत नव्हता, गॅव्हिन. पांघरूण डोक्यावर घेऊन पडायचा. त्याला कधी कळलं नाही, आणि तो गेल्यावर लोकांनी हसत हसत ते एकमेकांना सांगावं, हे मला नको होतं. म्हणून मी "नेहमीसारखंच" लिहिलं.

तू मला फसवत होतास आणि मी तुला. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती दोघांनाही जेवायला घालणार नाही.

आता कामाचं. डॅरिल म्हणतो, पाळ्यांच्या वेळांवरून वाद पेटलाय, मंगळवार सकाळपासून शुक्रवार सकाळपर्यंत संप. डंपर, डोझर, कोळसा धुणारं यंत्र, सगळं बंद. अकरा वर्षांत हे पहिल्यांदा होतंय. तुझ्याकडे ते आवाज मोजायचं यंत्र आहे का?

मर्ल मावशी

*

न्यूकॅसल
२६ जुलै १९९९

प्रिय मर्ल मावशी,

घरी पोहोचलो. तुम्ही दिलेला डबा गाडीतच संपला.

आकडे पक्के करून पाठवतो. बुधवारी पहाटे तीस, गुरुवारी एकोणतीस, शुक्रवारी पुन्हा तीस. तीस आणि पाच, पस्तीस. खाण पहाटे बेचाळीसपर्यंत जाते असं तुमच्या वहीवरून आणि संप मिटल्यावर शनिवारी पहाटे घेतलेल्या मोजणीवरून दिसतं. म्हणजे ती सात डेसिबलने बाहेर आहे, आणि इतकी वर्षं आत समजली जात होती.

तुम्ही टिंकरला बहिणीकडे पाठवायला निघाला होतात, आणि पवनचक्कीचा दांडा बांधून ठेवू का म्हणून विचारत होतात. मी नको म्हटलं तेव्हा तुम्ही रुसलात. पण यावेळी मला एकही रकाना झाकायचा नव्हता. तक्त्यात लिहिलंय: कुत्रा, पाच मिनिटं. पवनचक्की, अधूनमधून. कोकाबरा पक्षी, साडेपाचनंतर. ओढ्याचं पाणी, सतत. ते शेवटचं तुम्ही सांगितलंत. कान देऊनही मला आधी कळलं नाही. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "अरे, ओढा आहे की अजून," आणि मी पेन काढलं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "तू स्वतःच म्हणतोस की तू खोटी मोजणी करतोस. मग दुसरी तरी कोण खरी मानेल?" टेबल रिकामं करायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. सुनावणीला मी माझा माझा येईन.

गॅव्हिन

*

बेरिंगल क्रीक
१९ सप्टेंबर १९९९

प्रिय गॅव्हिन,

तुझी साक्ष झाली आणि तुला गाडी पकडायला जावं लागलं, म्हणून दुपारचं तुला माहीत नाही. सभागृहातल्या खुर्च्या गावच्या शाळेच्याच होत्या, तीन तास बसून माझी पाठ गेली.

सकाळी तू उभा राहून सांगितलंस, "सही माझी आहे आणि वर लिहिलेलं खोटं आहे." खाणीच्या वकिलाने तेच धरलं. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला की ज्या माणसाने एकदा लपवलं त्याचे तीन दिवसांचे आकडे मानायचे कसे, आणि पंप चालू होता याला पुरावा काय. तो हुशार आहे, मला तो आवडलासुद्धा असता. मग सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचंय का.

माझं बोलायचं ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते असं की वही द्यायची आणि गप्प बसायचं. पण तू सकाळी एकटा उभा होतास ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी उठले. सांगितलं, पंप चालू होता, मी त्या घरात होते, आणि माझ्या नवऱ्याने तो मुद्दाम लावला होता.

वकील म्हणाला, "म्हणजे बाई, तुमच्या पतीने जाणूनबुजून मोजणी बिघडवली?"

मी म्हटलं, "हो. स्वतःच्या विरुद्ध. तुमचं मशीन आमचं शेत जिवंत आहे का बघायला आलंय, असं त्याला वाटलं. ते कशासाठी आलंय हे त्याला तुमच्यापैकी कोणी सांगितलं होतं का, ते आधी सांगा."

गॅव्हिन, मला वाटलं होतं लोक हसतील. कोणी हसलं नाही. मागच्या रांगेत म्हाताऱ्या मॅकिनर्नीचा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, आमच्याकडे त्या आठवड्यात बाबांनी दूध काढायचं यंत्र रिकामंच चालू ठेवलं होतं. मग टेकडीपलीकडची डोरीन म्हणाली, तिच्या सासऱ्याने ट्रॅक्टर. असे चौघं निघाले. अकरा वर्षं आम्ही सगळे एकमेकांपासून तेच लपवत होतो. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, दरीतल्या किती घरांची मोजणी अशी झाली आहे? वकील कागद चाळू लागला.

निकाल कधी, ते सांगितलेलं नाही. मी आजपर्यंत व्हर्नची चूक म्हणून जे झाकलं, ते चारचौघांत बोलल्यावर मला हलकं वाटतंय आणि त्याची आठवणही फार येतेय. दोन्ही एकदम होतंय.

मर्ल मावशी

*

न्यूकॅसल
४ नोव्हेंबर १९९९

प्रिय मर्ल मावशी,

निकालाची प्रत तुम्हाला मिळाली असेलच, पण ती भाषा वाचून तुम्ही चिडला असाल म्हणून साध्या शब्दांत लिहितो. खड्डा त्यांना मिळाला. ते आपल्या हातात नव्हतंच. पण जुनी मूळ पातळी रद्द झाली आणि खाण तेवढ्यापुरती थांबवून दरीतल्या सगळ्या घरांची नवी मोजणी झाली. तुमच्या घरासाठी मर्यादा पस्तीस. तुमच्या बाजूला मातीचा उंच बांध घालून त्यावर झाडं लावायची. डंपरांच्या पंख्यांना आवरणं बसवायची. डोझर मागे येताना पहिलाच गिअर. आणि थंड, निवांत पहाटे उंच ढिगाऱ्यावर माती टाकायला जायचं नाही, बांधाआड खाली टाकायची. तुमच्या अंगणात कायमचं यंत्र बसेल, त्याचे आकडे पाळीच्या मुकादमाला तिथल्या तिथे दिसतील.

मी आता नगरपालिकेत आहे. रात्री भुंकणारी कुत्री आणि पबमधली गाणी मोजतो. तक्ते भरायला जास्त वेळ लागतो, कारण सगळंच लिहितो. आई म्हणते, या कामासाठी एवढं शिकायची गरज नव्हती. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

गॅव्हिन

*

बेरिंगल क्रीक
२८ नोव्हेंबर १९९९

प्रिय गॅव्हिन,

यंत्र बसलं. धुराड्याच्या बरोबर समोर, तुझी तिपाई होती तिथेच. डॅरिल म्हणतो, हवा मोजायचा मनोरा उभा राहीपर्यंत तो पहाटे दुर्बिणीने माझा धूर बघतो आणि आडवा दिसला की डंपर खाली वळवतो. म्हणून उकाडा वाढला तरी मी पाचला चूल पेटवते. चहा जास्त होतो, एवढाच तोटा.

मॅकिनर्नींच्या मुलाने माझा खालचा तुकडा लसूणघासाला घेतलाय. ऊन कडक आहे, महिनाभर पाऊस नाही. मग मी गावातून माणूस बोलावून व्हर्नचा पंप दुरुस्त करून घेतला. काल पहाटे सव्वापाचला बटण दाबलं. दोनदा खोकला आणि लागला.

वीस मिनिटांत डॅरिलची गाडी फाटकात. धावतच आला, टोपी हातात. म्हणाला, "मर्ल, डंपर खाली आहेत, डोझर बंद ठेवलाय, वारा नाही काही नाही, आणि तुझं मशीन एकेचाळीस दाखवतंय. मला काय होतंय ते कळत नाही." मी त्याला ओढ्याकडे नेलं आणि दाखवलं. तो पंपाकडे बघत राहिला. तोही सुनावणीला होता, त्याला माहीत आहे. मग त्याने खिशातून तक्ता काढला आणि विचारलं, इथे काय लिहू?

मी म्हटलं, "रकाना आहे ना? इतर आवाज. तिथे लिही, व्हर्न हॅडोचा पंप."

त्याने लिहिलं. मी चष्मा लावून वाचून घेतलं, स्पेलिंग बरोबर होतं. मग आम्ही चहा घेतला, तो कामावर गेला. आठ वाजता वाफ्यात जाऊन पाय दाबून बघितला. पाणी पुरलं होतं, म्हणून पंप बंद केला.

मर्ल मावशी